कोळवडीच्या माळावरचे तळपेव

कोळवडीच्या माळावर एक जुने पेव आहे; लोक त्याला तळपेव म्हणतात. जमिनीखाली धान्य साठवण्याचा हा खोल खड्डा आता रिकामा असतो, तरी त्याच्या तोंडावर दगडी झाकण आहे आणि शेजारी दोर गुंडाळून ठेवलेला असतो. गावातले दामूअण्णा लोहकरे पाहुण्यांना तिथे नेतात, पण झाकणावर बसू देत नाहीत.

पूर्वी हे पेव पाच गावांचे मिळून होते म्हणे. दरसाल गावकरी मडक्यात गोटे टाकून एक तपासनीस निवडत. त्याने पेवात काठी घालायची आणि लोकांपुढे सांगायचे, भरले की नाही. त्याच्या शब्दावर पाच गावे वर्षभर निर्धास्त राहत.

तुळाजी खरात लागोपाठ तीनदा निवडून आला. तिसऱ्या वर्षी पेवाची राखण त्याच्या मेहुण्याकडे, बाबाजीकडे होती. तुळाजीने काठी घातली. ज्वारीत काठी अडत अडत जाते. ही मात्र वीतभर अडली आणि पुढे लोण्यात जावी तशी गेली. तुळाजीच्या हाताला ते कळले.

बाबाजी हसून म्हणाला, "काय दाजी, आमच्यावर बी इस्वास न्हाई व्हय?"

पाचही गावे बघत होती. तुळाजी म्हणाला, "भरलंय."

त्या साली पाऊस आला नाही. पेव उघडले, तर वीतभर ज्वारीखाली नुसता भुसा निघाला. खालच्या वाडीत अकरा माणसे उपाशी मेली, असे सांगतात. बाबाजीला लोकांनी धरून ठेवले. तुळाजीला मात्र कुणी हात लावला नाही. तो दारावरून गेला की बाया चुलीपुढून उठून आत जात.

भुसा काढून झाकलेल्या पेवाशी तो एका दुपारी आला. लोक जमले, बाबाजीलाही धरून आणले.

"माझं साल अजून सरलं न्हाई," तो म्हणाला. "तळ बघायचा ऱ्हायलाय."

"आरं, बंद पेवात हवा मरती. दिवसभर उघडं ठेव, आधी दिवा सोड," म्हातारे ओरडले.

त्याने ऐकले नाही. दोर त्याने बाबाजीच्याच हाती दिला आणि आत उतरला.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "तळ बघितला. भरलं नव्हतं. मला ठावं होतं."

बाबाजीने दोर ओढला. तो मोकळाच वर आला. मागाहून दिवा सोडून माणसे उतरली, पण तळाशी कुणी नव्हते म्हणे.

आजही पाच गावांचा सामायिक कारभार तपासायला माणूस गोटे टाकूनच निवडतात. पेव दिवसभर उघडे ठेवतात, दिवा सोडतात, मग तो एकटा उतरतो आणि तळाला हात लावून येतो. दोर धरणारा त्याचा सोयरा नसावा, एवढा नेम आहे.

दामूअण्णा स्वतः दोनदा उतरलेत. खाली काय ऐकू येते, असे पाहुणे विचारतातच.

"आवाज न्हाई येत," ते झाकणाकडे बघत सांगतात. "आपण तळाला हात टेकवावा, तर तिथली माती उबदार लागती. आत्ताच कुणीतरी हात उचलल्यावाणी."