लासिमाने धरलेला खांब

बोर्निओच्या उत्तर किनाऱ्यावर तांजुंग कापा नावाचे छोटेसे भूशिर आहे. ओहोटीला तिथल्या चिखलातून एक काळा बुंधा वर येतो. भूशिरावर एकही झेंडा नाही, आणि ही गोष्ट साधी नाही. कारण या किनाऱ्यावर दोन देश हक्क सांगतात आणि झेंड्यांची कमतरता दोघांनाही नाही. पाहुण्यांना होडीतून आणणारा म्हातारा जुमात इथे वल्हे थांबवतो आणि सांगू लागतो.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, इथले लोक उथळ पाण्यात खांब रोवून घरे बांधत. ज्याचा खांब, त्याने ओहोटीला चिखलात उतरून तो कवेत धरायचा आणि भरती चढून पुन्हा उतरेपर्यंत सोडायचा नाही, अशी रीत होती. जो धरेल त्याचा खांब, त्याचीच खालची जागा. म्हणून सख्खा भाऊही भावासाठी खांब धरत नसे.

मग दूरच्या बेटावरच्या सुलतानाने एका कागदावर शिक्का उठवला आणि हा किनारा गोऱ्या कंपनीच्या हाती गेला. विकला की नुसता वापरायला दिला, यावर विद्वान अजून भांडतात. इथल्या माणसांना विचारले होते का, यावर मात्र कुणी भांडत नाही.

कंपनीचा साहेब झेंड्याचा खांब घेऊन आला. झेंडा उभा राहिला की गावाने घरे मोडून वरच्या जंगलात जायचे, कारण इथे गोदाम होणार, असा त्याचा हुकूम होता. पण खांब चिखलात उभाच राहीना. दुभाष्याने सांगितले, कुणीतरी भरतीभर धरावा लागेल. साहेबाने आपल्या पांढऱ्या विजारीकडे पाहिले.

"मग धरा की कुणीतरी!"

गावातले पुरुष खाली बघत राहिले. दोन लेकरांची आई असलेल्या लासिमाला मात्र तो काय बोलून बसला ते कळले. तिने लुंगी खोचली.

"मी धरते."

सकाळी पाणी गुडघ्याला होते, दुपारी छातीला आले. तिचे हात बधिर झाले. किनाऱ्यावर तिची मुले दिसत होती आणि त्यांच्यामागे तिचे घर. चढत्या पाण्याकडे न पाहता ती घराकडेच पाहत राहिली. नणंद सांपाई होडीतून पेज घेऊन आली.

"वहिनी, माझ्या भावाला कधी इतकं घट्ट धरलं नाहीस गं!"

"हसवू नकोस मेले, सुटेल!" लासिमाच्या तोंडात खारे पाणी गेले.

छताखाली जेवणाऱ्या साहेबाला सगळे गाव गप्प का बसले आहे ते कळेना. दुभाष्याने भीत भीत रीत सांगितली, तसा तो ताटावरून उठला. "काढा तिला बाहेर!" पण शिपाई याच किनाऱ्यावरचे, खांब धरलेल्या माणसाला हात कोण लावणार?

"बाई, सोड तो खांब! बुडशील!"

"साहेब, तुम्हीच धरायला सांगितलंत," ती ओरडली. "आता भरतीला सांगा थांबायला."

पाणी हनुवटीला लागले, मग ओठांना. असे सांगतात की भरती तिच्या नाकाखाली येऊन थबकली आणि तिथूनच मागे फिरली. काही जण म्हणतात, सांपाईने तिच्या तोंडात पोकळ बांबू धरला होता. जुमात दोन्ही सांगतो आणि दोन्ही खरे मानतो.

पाणी उतरले तेव्हा तिची बोटे उघडेनात. खोबरेल चोळून ती सोडवावी लागली. मग तिने झेंडा उतरवायला लावला, घडी करून साहेबाच्या हाती दिला. "हा तुमचा. खांब माझा."

कंपनीने नकाशात किनारा आपल्या रंगाने रंगवलाच. नकाशाला भरती लागत नाही. पण गावाची घरे मोडायला एकही मजूर मिळाला नाही, आणि गोदाम दुसऱ्या खाडीत गेले.

कंपनी गेली, सुलतान गेले. त्यांच्या कागदांचे वारस नव्या राजधान्यांत बसून तेच भांडण चालवतात. आजही कुठल्या ना कुठल्या बाजूचा अधिकारी पाटी घेऊन तांजुंग कापाला येतो. गाव त्याला अडवत नाही. सगळ्यांत वयस्कर बाई पुढे होते आणि अदबीने म्हणते, "या साहेब, ओहोटी लागलीय. बूट काढा."

आजवर एकाचाही पाय ओला झालेला नाही.