इंदुप्रभेचा रांजण

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता, आणि त्याचा हात इतका सैल, की सकाळी भरलेली थैली दुपारी रिकामी. भाट आला, दे शेला. पहिलवान आला, दे कडं. त्याची राणी इंदुप्रभा दुष्काळी मुलखातली. मूठभर जोंधळ्यांसाठी आईला कानातल्या कुड्या मोडताना तिने पाहिलं होतं. राजाचा हात थैलीकडे गेला, की ही मनातल्या मनात उरलेल्या मोहरा मोजू लागायची. दोघांचा एकमेकांवर जीव. पण पैशाचं नाव निघालं, की दोघंही गप्प. असं कसं, म्हणाल? अहो, घरोघरी विचारून पाहा!

एके दिवशी एक मांत्रिक काळा रांजण घेऊन आला.

"राणीसाहेब, यात टाकलेली मोहोर आणि हा रांजण तुमच्याखेरीज कुणाला दिसायचा नाही."

"मोल?"

"तुमचं काही जायचं नाही. जाईल ते राजाचं."

राणीला वाटलं, त्याचं एवीतेवी जातंच आहे. तिने रांजण ठेवून घेतला आणि राजाच्या नकळत रोज एक मोहोर आत टाकू लागली.

आणि राजा विसरू लागला. आधी विसरला, की राणीला विड्यात लवंग चालत नाही. मग तिच्या माहेरचं नाव विसरला. राणीला नवल वाटलं. तिने मुद्दाम एक मोहोर टाकली आणि जाऊन विचारलं, "महाराज, आपण दोघं शिकारीत वाट चुकलो होतो, आठवतं?"

"कधी बरं?" राजा म्हणाला.

तिला सगळं उमगलं. इथे हात आवरायचा की नाही? पण भीती वाईट हो! आणखी एकच, अडीअडचणीला, असं म्हणत तिने आणखी कितीतरी टाकल्या. अखेर एका सकाळी राजा तिला पाहून उठला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, आपण कोण? काही हवं आहे का?" आणि याचकाला द्यावं तसं हातातलं कडं काढून त्याने तिच्यापुढे धरलं.

राणी बागेत जाऊन ढसाढसा रडली. रांजण तिने पालथा घालून पाहिला, पण एक मोहोर बाहेर पडेना. तेव्हा डाळिंबावरची साळुंकी बोलली.

"ज्याचं गेलं, त्यानेच आपल्या हाताने काढायचं."

"त्याला रांजण दिसत नाही."

"म्हणून त्याचा हात धरून तू न्यायचा. पण आज तुझ्याच्याने ते व्हायचं नाही. आधी दोन कामं कर. बाजारातून जिची गरज नाही अशी वस्तू आण, मागतील त्या किमतीला. मग रित्या हाताने परक्याच्या घरी जेवून ये."

राणी कासाराकडे गेली. त्याने हिरव्या बांगड्यांची किंमत अशी काही सांगितली, की तिची जीभ शिवशिवली. पण तिने मुकाट्याने पैसे दिले. वाटेत मात्र ती दहादा हात हलवून बांगड्या वाजवून पाहत होती. इतकं बरं वाटतं? तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साध्या लुगड्यात ती दूरच्या गावी गेली. एका कोळणीने तिला भाकरी आणि कालवण वाढलं.

"याचं काय द्यायचं?" राणीने विचारलं.

"जेवायला आलीस का सौदा करायला?" कोळीण कडाडली. "गप जेव!"

राणी गप जेवली, आणि पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी ती राजापुढे उभी राहिली. "महाराज, मी आपली राणी. आपल्यापासून मोहरा लपवल्या, म्हणून आपण मला विसरलात."

"का लपवल्या?"

"आपण सगळं वाटून टाकाल आणि मला आईसारखे दिवस येतील, ही भीती."

राजा म्हणाला, "मला वाटतं, कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं, तर तो माझ्याकडे पुन्हा फिरकायचा नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही अनोळखी, म्हणून जमलं."

राणीने त्याचा हात धरून रांजणात घातला. एक मोहोर निघाली, एक आठवण परतली. लवंग आठवली, जंगलातली वाट आठवली, राजा हसला, रडला, "इंदू!" म्हणाला. शेवटची मोहोर हाताला लागली, आणि त्याने हात बाहेर काढला.

"ही राहू दे."

"महाराज! आपल्याला अजून आपलं लग्न आठवलेलं नाही!"

"तुला निर्धास्त झोप लागायला एक तरी मोहोर हवी. लग्न तू मला सांग."

त्या क्षणी काळा रांजण सर्वांना दिसू लागला, साधा, मातीचा. मांत्रिकाची विद्या लपवलेल्या धनावरच जगणारी, आणि ही मोहोर तर राजाने जाणूनबुजून ठेवलेली. ती तिथेच सरली. लग्नाची आठवण मात्र परतली नाही.

राणी सांगू लागली. मांडव, अक्षता, आणि भर मांडवात राजाने तिच्यासाठी घडवलेला हार वाजंत्र्याला देऊन टाकला तो प्रसंग.

राजा चपापला. "तू रागावलीस?"

"फार. पण बोलले नाही."

"मग आता बोल."

राणी बोलली. राजाही बोलला. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्या दोघांचं पहिलं भांडण झालं, चांगलं दिवेलागणीपर्यंत चाललं, आणि तेव्हापासून त्या राज्यात सुख नांदू लागलं.