महाराजांच्या डोक्यावरचं माळवद

राजे रणधवल यांच्या दरबारात पावसाळाभर छत्र्या उघडून बसावं लागे. राजवाडा भक्कम, पण वरचं मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद, जागोजागी गळायचं. दिवाणजी तर मांडीवर घंगाळ घेऊनच कारभार बघत. डागडुजीला वर जायची सोय नव्हती, कारण राजांचा हुकूमच होता, "माझ्या डोक्यावर कोणाचा पाय पडता कामा नये!"

"महाराज बाहेरगावी गेले की उरकून घेऊ," दिवाणजींनी एकदा सुचवलं.

"मी बाहेर असलो, तरी माझी गादी खालीच असते!"

मग दिवाणजींनी डोकं लढवलं. शेतातली काळी माती पाट्या भरभरून खालूनच वर भिरकावली. ती उन्हात भेगाळली, पावसात फुगली, आणि भाद्रपदात दरबारावर गुडघाभर ज्वारी उभी राहिली.

यंदा वैशाखात माळवदं घालणाऱ्या भिवाला ते बघवेना. तो गुपचूप वर चढला आणि चौथ्या पावलाला पकडला गेला. त्याची मुलगी राही धावत दरबारात आली.

"सरकार, माझ्या बाला सोडा. तुमचंच छत वाचवाया गेला हुता."

"सोडतो! मिरगाच्या आत गळती थांबव. पण माझ्या डोक्यावर किंवा गादीच्या वर पाय नको! नाहीतर तुझा बाप पावसाळाभर कोठडीत."

कोठडी दरबारापेक्षा जास्त गळायची.

दुसऱ्या दिवशी ती सुताराकडून उंच मचाण घेऊन आली.

"हे काय?" राजांनी विचारलं.

"तुमची बैठक, महाराज. माळवदावर मचाण, मचाणावर गादी, गादीवर तुमी. मग आमी समदी तुमच्या पायाखालीच की!"

राजांनी बराच वेळ यात चूक शोधली. सापडली नाही. ते गादीसकट वर चढले. दिवाणजींनी सवयीनं छत्री धरली.

राहीनं बापाला कामापुरतं मागून घेतलं. ज्वारीची खुंटं उपटली, काळी माती खरवडली. गाढवांवरून पाणी न मुरणारी पांढरी माती आली. ती पसरली, भिजवली, तुडवली, धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकळ्यानं, चोपली आणि पन्हळीकडे उतार दिला. तिसऱ्या दिवशी राजे मचाणावरून ओरडले, "अरे, त्या कोपऱ्यात खळगा राहिलाय! पाणी साचेल!"

खळगा बुजवला. राहीनं घागर ओतली. पाणी सरळ पन्हळीतून खाली गेलं.

"झालं!" राजे म्हणाले. "उद्या गादी खाली. आता पुन्हा वर कोणी फिरकायचं नाही!"

"आन् पावसात पन्हळीत पाला अडकला तर?"

"तरी नाही! हुकूम म्हणजे हुकूम!"

"मग महाराज, तुमच्या डोक्यावर पाणी हुबं राहील. माझा बा चार पावलंच चालला, ते पाणी तर चार म्हैने हलणार न्हाई. त्या पाण्याला कोठडीत कसं घालाल?"

दिवाणजींची छत्री मिटली. राजे आधी आभाळाकडे बघत राहिले, मग हसू लागले, आणि इतके हसले की मचाण कुरकुरायला लागलं.

भिवा त्याच क्षणी सुटला. आणि राहीला राजांनी चांदीचे जाडजूड तोडे दिले.

"पायांत घाल आणि पावसात रोज वर जा," ते म्हणाले. "चांगले वाजू देत! खाली बसल्या बसल्या मला कळलं पाहिजे, की पन्हळ कोणीतरी बघतंय."