दोन वेलांची एक गाठ

चारही बाजूंनी उभे कडे आणि बाहेर पडायला एकच खिंड, अशा एका रानात पुष्कळ प्राणी राहत असत. त्यांचे दोन पक्ष होते. चढावर राहणारे ते टेकडीवाले आणि खाली ओढ्याजवळ राहणारे ते काठवाले. मुलांनो, हे दोन पक्ष कशावरूनही भांडत. पाऊस लवकर आला तरी भांडत आणि उशिरा आला तरी भांडत. त्यांच्या पूर्वजांनी मात्र एक शहाणपण करून ठेवले होते. खिंडीच्या वर एक प्रचंड धोंडा गारंबीच्या दोन जाड वेलांनी बांधलेला होता. एका वेलाचे टोक टेकडीवाल्यांकडे, तर दुसऱ्याचे काठवाल्यांकडे असे. दोघांनी मिळून वेल सोडले तरच धोंडा खाली येई आणि खिंड बंद होई. रानाचा प्रमुख दर वर्षी निवडला जाई, पण खिंडीपुढे त्याचेही एकट्याचे काही चालत नसे.

एका वर्षी टेकडीवाल्यांचे अस्वल प्रमुख झाले. त्या वर्षी गवत कमी उगवले होते. अस्वल म्हणाले, "बाहेरचे कळप येऊन आपला चारा फस्त करतात. खिंड बंद करा!" काठवाले म्हणाले, "मग चाटायला खारी माती कुठून आणायची? ती तर खिंडीबाहेरच मिळते." बरेच दिवस नुसता कलकलाट चालला. शेवटी अस्वल वैतागले. "दर वेळी यांची मनधरणी कोण करणार? मी प्रमुख आहे ना? दोन्ही वेलांची टोके माझ्या खडकापाशी आणा आणि एकाच गाठीत बांधा." त्या वर्षी टेकडीवाले संख्येने जास्त होते. त्यांनी आनंदाने पंजे वर केले आणि माकडांनी गाठ बांधून टाकली.

काठावर एक सशीण राहत असे. तिची पिल्ले अजून अंगावर पीत होती. तिने ती गाठ पाहिली. ती धावत टेकडीच्या पायथ्याच्या साळिंदराकडे गेली. दोघांची बिळे जवळजवळ होती आणि पक्ष वेगळे असले तरी जाणेयेणे होते. ती म्हणाली, "साळिंदरदादा, एकाच्या हातात सगळ्यांची वाट? मला फार भीती वाटते हो." साळिंदर हसले. "अगं, आपलं अस्वल आहे ते. भितेस कशाला?" अस्वलाने गाठ सोडली आणि धोंडा कोसळला. चारा थोडा वाढला हे खरे, पण खारी माती मिळेना. सशिणीला दूध कमी येऊ लागले. पिल्ले चिखल चाटत आणि रडत झोपी जात.

पुढच्या वर्षी काठवाले जिंकले आणि त्यांचे रानडुक्कर प्रमुख झाले. त्याने सगळ्या रानाला कामाला जुंपून धोंडा पुन्हा वर ओढून घेतला, तशाच एका गाठीत बांधला आणि बाहेरचे कळप बोलावून थेट टेकडीच्या कुरणात सोडले. आता साळिंदराची झोप उडाली. ते सशिणीकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुझं खरं होतं. आता तुमचं राज्य आहे, तर ती गाठ सोडवा आणि वेल पहिल्यासारखे वेगळे करा." सशिणीलाही ते पटले होते. पण आत्ता कुठे खारी माती मिळू लागली होती आणि यंदाची पिल्ले बाळसे धरत होती. ती म्हणाली, "अहो, आपलं रानडुक्कर आहे ते. भिता कशाला?" आपला तो बाब्या आणि लोकांचे ते कार्टे, दुसरे काय! गाठ तशीच राहिली.

खिंडीबाहेर एक तरस हे सगळे पाहत बसलेले असे. निवडीचे दिवस आले तसे ते आत आले. टेकडीवाल्यांना ते म्हणाले, "मला निवडा, म्हणजे डुकराची पीडा जाईल." काठवाल्यांना म्हणाले, "मला निवडा, म्हणजे अस्वल पुन्हा येणार नाही." तरसाचे दात सगळ्यांनाच दिसत होते. सशिणीलाही दिसत होते, पण अस्वलाचे नाव ऐकताच तिने पंजा वर केला. शेजारी साळिंदराचाही पंजा वर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहायचे टाळले.

प्रमुख झाल्यावर तरस खडकावर चढले. थोड्याच वेळात खिंडीतून दुसरे तरस आले. त्याच्या मागून आणखी आले, आणि ते येतच राहिले. "पाहुणे आहेत," नवा प्रमुख म्हणाला. प्राणी वाट देत बाजूला सरकले. शेवटचा पाहुणा आत आला तेव्हा भर दुपार होती. तरसाने गाठीला दात लावले आणि एका हिसक्यात ती सोडली. धोंडा कोसळला तेव्हा जमीन हादरली आणि खिंडीतला उजेड गेला. सशिणीने पिल्लांना पोटाखाली ओढून घेतले. अस्वल ओरडले, "हा अधिकार तुला कुणी दिला?" तरस शांतपणे म्हणाले, "तूच की. आणि डुकराने तो माझ्यासाठी जपून ठेवला."

मग त्याने सगळ्या रानावरून नजर फिरवली. "मला भांडण आवडत नाही. सुरुवात टेकडीवाल्यांपासून करायची की काठवाल्यांपासून, ते तुम्हीच मिळून ठरवा."

एवढ्या रानापुढे तरस थोडेच होते; सगळ्यांनी मिळून चाल केली असती तर ते टिकले नसते. पण मुलांनो, सांगताना माझा जीव कळवळतो. गर्दीतून कुणीतरी ओरडले, "काठवाल्यांपासून!" लगेच दुसरीकडून आरोळी आली, "टेकडीवाल्यांपासून!" आणि सारे रान पुन्हा भांडू लागले. पोटाखालची पिल्ले घट्ट धरून सशीणही साळिंदराकडे बोट दाखवत होती.

तात्पर्य : जी सत्ता विरोधकाच्या हातात पाहून आपल्याला घाम फुटतो, ती आपल्या माणसाच्या हातातही देऊ नये; कारण माणूस बदलतो, सत्ता मात्र पुढच्याची वाट पाहत तिथेच बसून राहते.