बर्फातलं रोप आणि चुळबुळ्या राजा

लांब, अगदी लांबच्या मुलखात एक राजा राहत होता. नाव मोठं भारदस्त, धुरंधरसेन; पण बूड एका जागी टेकेल तर शपथ! सिंहासनावर बसला की उठायचा, उठला की खिडकीत, खिडकीतून थेट अंगणात. जेवतानासुद्धा तीनदा उठायचा, बरं का, तुमच्यासारखाच.

त्याची राणी हैमा बर्फाच्या डोंगरातली. इथे तिला करमेना. खाईना, पिईना, हसेना. एक दिवस ती म्हणाली, "अहो, मी माहेराहून हे दगडातलं रोप आणलंय. त्याला निळं फूल आलं तर इथे राहीन. चैत्रापर्यंत नाही आलं, तर मी चालले माझ्या डोंगरात." झालं! राजाचं धाबं दणाणलं. राणीवर भारी जीव हो त्याचा.

राजाला वाटलं, रोप राणीच्या माहेरचं, म्हणजे पाहुणाच की! पाहुणचारात कमी पडून कसं चालेल? मग त्यानं रोपाला रोज घंगाळभर ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. रोप पिवळं पडलं. मग केशर घालून दूध-साखर पाजली. मुळाशी मुंग्या लागल्या, पानं लोळागोळा झाली. मग थंडी पडली नि उरलीसुरली पानंही सुकली. राजानं रोपावर शाल पांघरली, शेजारी शेगडी ठेवली, आणि जिवंत आहे का ते बघायला माती उकरली. एकदा नव्हे हं, सकाळ, दुपार, संध्याकाळ!

तेव्हा मातीतून बारीक आवाज आला, "अहो महाराज, झोपू द्या की! आमच्याकडे थंडी म्हणजे झोपायची वेळ. अंगाखाली खडी घाला, वर आकाश मोकळं ठेवा, पाणी साचू देऊ नका. आणि सारखं बघायला येऊ नका."

राजानं खडी घातली, शाल काढली, शेगडी उचलली. पण बघायचं नाही? पाय आपोआप बागेकडे वळायचे. शेवटी बिचारा राणीकडे गेला. म्हणाला, "अगं, मला इथे बसवून ठेव. तुझ्या डोंगराचं काहीतरी सांग."

इतक्या दिवसांत त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं! मग राणी सांगू लागली. दारं बर्फानं कशी बुजतात, आई चुलीशी बसून लोकर कशी कातते. राजा उठायचा, पुन्हा बसायचा. हळूहळू उठायचं विसरला. आणि राणी? सांगता सांगता चार घास खाऊ लागली.

मग चैत्र आला. माळीण सगुणा धावत आली. "राणीसाहेब, फूल आलं! निळंशार!"

राजा ताडकन उठला. राणीनं हात धरून त्याला खाली बसवलं.

"बसा हो. माझ्या बकरीची गोष्ट अर्धी राहिलीय. फूल काही कुठे जात नाही." मग हसून म्हणाली, "आणि मीसुद्धा."

ती दोघं पुढे सुखानं नांदली. आता तुम्ही हातपाय पांघरुणात घ्या बघू. ते कोण चुळबुळतंय? मिटा डोळे. झोपा हं, माझ्या राजांनो.