अर्ध्या नोटेची कड

खाडीकाठच्या एका गावात मुकुंद जिनगर नावाचा एक बुकबाइंडर होता. बुधवारची सकाळ होती. शाळेच्या हजेरीपटांना पुठ्ठे लावायचे काम चालले होते. बायको सुमन दाराशी तांदूळ निवडत बसली होती. एवढ्यात काठी टेकत हसन परकार मास्तर आले. त्यांच्या हातात परदेशी तिकिटाचे पाकीट होते.

"मुकुंदा, काम ठेव बाजूला. मोंबासाहून पत्र आलंय. दुसरा तुकडा सापडला!"

मुकुंदच्या हातातला पुठ्ठा खाली पडला. मास्तरांना वाटले, आनंदाने पडला.

हसन मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना एकच नाद होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ग्रीस देशाच्या नोटा ते जमवत. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाला सांगत, "येताना साबण नको, सेंट नको. जुनी ग्रीक नोट मिळाली तर आण." तीस वर्षांत त्यांच्या वहीत चाळीसेक नोटा जमल्या होत्या. पण वहीच्या पहिल्या पानावर होती ती अर्धीच नोट.

तिची हकिकत गावातल्या पोरासोरांना पाठ होती. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीसची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा तिथल्या सरकारने हुकूम काढला, की प्रत्येकाने आपल्या नोटा मधोमध कापाव्यात. डावा तुकडा अर्ध्या किमतीला बाजारात चालेल, उजवा सरकारला कर्जाऊ द्यावा. त्या दिवसांत मास्तरांचे आजोबा इब्राहिम आणि त्यांचा सोबती याकूब, दोघे खलाशी, बोटीवर तिथल्या बंदरात होते. दोघांत मिळून एक नोट होती. सरकारला द्यायचे सोडून त्यांनी ती आपसातच वाटून घेतली. बोट हलत होती, हसू आवरत नव्हते, त्यामुळे शिडाचे कापड कापायची कात्री वाकडी चालली. डावा तुकडा इब्राहिमने घेतला, उजवा याकूबने. "आपली नातवंडं भेटली, की नोट जोडतील," असे ठरले. पुढे याकूब मोंबासाला गेला आणि तिकडचाच झाला.

"कापताना कडेला एक खळगा पडलाय," मास्तर सांगत. "अंगठ्याचं नख बसेल एवढा. याकूबच्या तुकड्याला तेवढाच उंचवटा असणार. नंबर केव्हाच पुसलाय. ही कड हाच आमचा पुरावा."

आता ती कड राहिली नव्हती. हे एकट्या मुकुंदला ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी तो तुकडा त्याच्याकडे दिला होता. कागद जीर्ण झाला होता. पाठीला पातळ कागद लावून हवा होता. मुकुंदने तो फार जपून लावला. मग वडिलांनी लहानपणापासून लावलेली सवय आड आली. कागद हातावेगळा करण्याआधी कड सरळ करायची, हा बाइंडरचा पहिला धडा. त्याने पोलादी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. नखाएवढ्या रुंदीची कागदाची चिंधी गळून पडली. तिच्याबरोबर तो खळगाही गेला. काय झाले ते ध्यानात आले तोवर कात्रणे पाणी तापवायच्या बंबात गेली होती.

त्याच दिवशी सांगायला हवे होते. पण तो घाबरला. त्याने काळ्या पुठ्ठ्याची चौकट केली, तिच्याखाली कड लपवली आणि वर काच बसवली. "मास्तर, आता हात लावायचा नाही. घामाने कागद कुजतो," असे सांगितले. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. रोज त्या कडेवरून बोट फिरवायची त्यांची सवय होती, तीही त्यांनी मुकुंदच्या शब्दाखातर सोडली.

"याकूबची नात झुबेदा रविवारी येतेय," मास्तर म्हणाले. "कड जुळली तर आपला तुकडा इथेच ठेवून जाईन, असं लिहिलंय. साठ वर्षांनी नोट पुरी होणार. चौकट तूच उघडायचीस हां. डोळे मिटून भरवसा ठेवावा, असे गावात दुसरे हात नाहीत."

ते गेले. मुकुंद तसाच बसून राहिला.

"तोंड का असं पडलंय?" सुमनने विचारले. त्याने तिला सगळे सांगितले. तिने सूप बाजूला ठेवले.

"आत्ता जा आणि सांगून टाका. मास्तर काय फासावर देणार आहेत?"

"उद्या जातो."

"उद्याचं पाऊल आणखी जड होईल."

तसेच झाले. गुरुवारी तो मास्तरांच्या दारापर्यंत गेला. आत मास्तर शेजाऱ्याला गोष्ट सांगत होते. त्यांचा आवाज इतका तरुण झाला होता, की मुकुंद दारातूनच परतला. शुक्रवारी दुकानात बसला, तेव्हा रस्त्यावर कुणाची काठी वाजली, तरी तो हातातले काम टाकून दाराकडे बघे. कुणी नुसते "काय मुकुंदा?" म्हटले, तरी त्याला वाटे, याला कळले. शनिवारी त्याने एका रद्दी कागदावर वाकडी कात्री चालवून पाहिली. खोटी कड करता येईल का, हे तो अजमावत होता. पण खऱ्या खळग्याचा आकार त्याला आठवेना. त्याने तो कधी नीट पाहिलाच नव्हता. आपल्या हाताला हे काय सुचते आहे, हे पाहून तो आणखी भ्याला.

रविवारी झुबेदा आली. पन्नाशीची, बोलकी बाई. आजीकडून शिकलेली कोकणी मराठी ती झोकात बोलत होती. तिने पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून उजवा तुकडा. त्याच्या कडेला छोटासा उंचवटा होता.

"उघड रे मुकुंदा," मास्तर म्हणाले.

मुकुंदने काच काढली, चौकट काढली. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, कापतोस काय? तुझ्या आजोबांची थोडीच आहे?"

झुबेदाने दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर सरकवले. उंचवटा सरळ कडेला टेकला. वर आणि खाली फट राहिली. तिने तुकडे पुन्हा लावून पाहिले. फट तेवढीच राहिली.

"जुळली का?" मास्तरांनी विचारले. त्यांना दिसत नव्हते.

"नाही, मास्तर. तुमची कड सरळ आहे. पट्टी लावून कापल्यासारखी." ती समजुतीने हसली. "खलाशांच्या गोष्टी या! आमचे आजोबा तर सांगायचे, त्यांनी देवमासा माणसाळवला होता. ही दुसऱ्याच कुठल्या नोटेची असेल. मनाला लावून घेऊ नका."

मास्तरांनी चाचपडत आपला तुकडा उचलला. दोन वर्षांनी त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवले. वरून खाली, मग खालून वर. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मुकुंदा, तू ही हातात धरली होतीस. इथे खळगा होता ना रे?"

एक 'हो' पुरेसे होते.

"लक्षात नाही, मास्तर," तो म्हणाला.

"मग मलाच भास झाला असेल," मास्तर म्हणाले. "डोळे गेले, आता आठवणही चालली. की आजोबाच खोटं बोलले, कोण जाणे."

झुबेदाने आपला तुकडा रुमालात गुंडाळला आणि ती तिसऱ्या दिवशी निघून गेली.

आठवड्याने मास्तर दुकानात आले. त्यांनी झुबेदाला पत्र लिहिले होते. आमच्या घरातल्या खोट्या गोष्टीपायी तुम्हाला एवढ्या दूर यावे लागले, माफ करा, असा मजकूर होता. अक्षरे एकमेकांवर चढली होती.

"वाचून बघ, चुकलं असेल तर नीट कर," ते म्हणाले. "मग चिकटवून टपालात टाक."

मास्तर घरी गेले. मुकुंदने पत्र दोनदा वाचले. कागदाच्या तळाशी चार बोटे जागा मोकळी होती. दौत समोर होती. बराच वेळ तो त्या जागेकडे पाहत राहिला. मग त्याने पत्राची घडी घातली, पाकीट चिकटवले आणि टपालात टाकले.

त्या मोकळ्या जागेत त्याने एकही ओळ लिहिली नाही.

तात्पर्य: हातून झालेली चूक माणसे माफ करतात, पण भीतीने लपवलेली चूक निरपराध्याच्या माथी बसते.