मळक्या कपड्यांची पेटी

“पेटी झाली म्हणतोस, मग मळके कपडे बाहेर कसे?”

रंगोबाअण्णांनी मोरीकडे बोट केलं. तिथं फुटक्या बादलीत आठवड्याचं धुणं कोंबलं होतं.

सर्जेराव गडबडला. आठ वर्षं त्यानं अण्णांच्या हाताखाली रंधा मारला होता. अण्णांची रीतच होती, शिष्यानं शेवटची वस्तू स्वतःच्या घरासाठी करायची. ती बघून अण्णांनी तोंडानं एकदा ‘मिस्त्री’ म्हटलं, की गडी स्वतःची कामं घ्यायला मोकळा. त्या एका शब्दावर सर्जेरावाचा जीव टांगला होता.

“हे हात लावू देत नाहीत,” आतून त्याची बायको शेवंता म्हणाली. “पॉलिश जाईल म्हणे!”

“सागवान आहे, अण्णा. सांधा तर बघा. मुंगी शिरायची नाही.”

“आणि वारा?”

सर्जेराव झाकणाची कड धोतरानं पुसू लागला.

अण्णांनी पेटीवरून मायेनं हात फिरवला. पोरानं काम देखणंच केलं होतं, उगाच नावं कशाला ठेवा! मग त्यांनी अंगातला घामेजलेला सदरा काढला, पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

“अहो अण्णा, डाग पडेल!”

अण्णा उघड्या अंगानं जेवायला बसले. जेवण झालं, डुलकी झाली. तरी सदरा मागेनात.

सर्जेरावाला राहवेना. त्यानं झाकण उघडलं, आणि झटकन नाक धरलं.

“एका सदऱ्यात ही तऱ्हा,” शेवंता हसली. “आणि मी आठवड्याचं धुणं कोंबू होय?”

सर्जेराव उठला. हत्यारांतून गिरमिट काढलं, टोक फळीवर टेकवलं... आणि परत उचललं. महिनाभर घासून चकचकीत केलेली फळी ती!



शेवटी त्यानं डोळे मिटून गिरमिट फिरवलं. भोक पडलं खरं, पण कडेची ढलपी उडाली. इतकं कच्चं काम आठ वर्षांत झालं नव्हतं, ते मेलं नेमकं आजच व्हायचं होतं! त्याचे डोळे भरून आले.

“बिघडवली मी, अण्णा. संपलं सगळं.”

अण्णांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“दुसरं पाड, मिस्त्री.”